विश्लेषण : युद्धे आली, देणग्या आटल्या, तरी हिस्लॉप कॉलेज कसे तगले?

भद्रावतीची आयुध निर्माणी १९६२ च्या चीन युद्धानंतर उभी राहिली. युद्धाची गरज दिसली की सरकार जंगलपट्टीतही कारखाना उभारते. याच पट्ट्यातल्या छोट्या महाविद्यालयांत मात्र पूर्णवेळ प्राध्यापकाची वाट पाहत पिढ्या बाहेर पडतात. ‘पैसा नाही’ हे उत्तर ठरलेले. म्हणूनच पैसा नसतानाही टिकलेल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजची कहाणी समजून घ्यायला हवी.

हिस्लॉप यांचा या भागाशी संबंध काय?

स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. पुढच्या वर्षी त्यांनी शाळा काढली. ते भूगर्भ अभ्यासकही होते. गोंडांची लिंगो कथा त्यांनी टिपून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची शिळावर्तुळे पाहून परतताना ते ओढ्याच्या पुरात बुडाले. त्यांचे हे टिपण १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापले. शाळेच्या पायावर १८८३ मध्ये कॉलेज उभे राहिले. संलग्नता होती थेट कोलकाता विद्यापीठाशी.

पैशाचे धक्के कुठून बसले?

बहुतेक वेळा दात्याच्या घरातूनच. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. भारतातले मिशनरी नव्या ‘फ्री चर्च’कडे गेले, मुंबई, कोलकात्यातील शाळांच्या इमारती मात्र जुन्या चर्चकडे राहिल्या. नागपूरचे काम सुरू झाले तेच या ओढाताणीत. १९०० मध्ये फ्री चर्च दुसऱ्या चर्चमध्ये विलीन झाले. १९०४ मध्ये लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने सगळी मालमत्ता विलीनीकरण न मानणाऱ्या मूठभर गटाला देऊन टाकली. त्यात परदेशातील मिशनची मालमत्ताही होती. १९०५ मध्ये कायदा झाला, तेव्हा तिढा सुटू लागला. भांडण स्कॉटलंडचे, टांगती तलवार नागपूरवर!

युद्धकाळात काय झाले?

१८५७ च्या जूनमध्ये नागपुरात उठावाचा बेत शिजत होता. त्याची खबर एका मुस्लिम परिचिताने हिस्लॉप यांना दिली, असे त्यांच्या चरित्रात नोंदले आहे. दोन्ही महायुद्धांत समुद्रप्रवास धोक्याचा झाला. परदेशातून माणूस आणि पैसा येणे अवघड बनले. दुसऱ्या महायुद्धात भारतातले घाऊक भाव दुपटीहून अधिक चढले. ऑगस्ट १९४२ मध्ये तर आपले चिमूर पेटले आणि नागपूरचे विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर उतरले.

मग कॉलेज तगले कशावर?

माझ्या मते तीन खांबांवर. पहिला, विद्यार्थ्यांची फी. दुसरा, सरकारी अनुदान. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी संस्थांना अनुदान देण्याचे धोरण आणले. तिसरा खांब म्हणजे इथेच राहणारी माणसे. ख्रिस्ती महाविद्यालयांचा अभ्यास करणाऱ्या लिंडसे आयोगाने १९३१ च्या अहवालात, कारभार भारतीयांच्या हाती द्या, असे सांगितले. पुढे डॉ. डेव्हिड मोझेस यांनी हिस्लॉपचे प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळले. १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले, तेव्हा स्थापनेपासूनच सूत्रे मराठी माणसाकडे होती. देणगी हा चौथा खांब. तो उपयोगाचा, पण सर्वांत डळमळीत.

आज भद्रावती-गडचिरोलीत काय स्थिती?

तिन्ही खांब कमकुवत आहेत. शेतमजूर किंवा खाण कामगाराच्या मुलाला फी वाढवून सांगता येत नाही. या शतकाच्या सुरुवातीपासून नव्या महाविद्यालयांना परवानगी मिळाली ती कायम विनाअनुदान तत्त्वावर. उरली माणसे, तर तीही तासिका तत्त्वावर : तास घेतला तर पैसे, सुटीत काही नाही, आणि मानधन महिनोन्महिने उशिरा. अशा प्राध्यापकाने गावात बिऱ्हाड करावे कशाच्या जोरावर? २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले, विद्यापीठ दारात आले. पण विद्यापीठ जवळ आल्याने वर्गात शिक्षक येत नाही.

सरसकट अनुदान द्यावे का?

नाही. काही महाविद्यालये केवळ कागदावर चालतात, हा आक्षेप खरा आहे. त्यांना पैसा देणे म्हणजे करदात्याची फसवणूक. पण त्यांच्यामुळे प्रामाणिक संस्थेचा गळा आवळणे हाही न्याय नव्हे. विद्यार्थिसंख्येचा शहरी निकष वनतालुक्याला लावू नये. बस चुकली की दिवस बुडतो, तिथे पटावरच्या साठ मुलांची किंमत वेगळी असते.

काय करायला हवे?

वनजिल्ह्यांतील मंजूर रिक्त पदे आधी भरावीत. विनाअनुदानित संस्थांची तपासणी करून पात्र ठरणाऱ्यांना टप्प्याटप्प्याने अनुदान द्यावे. संस्थाचालकांनीही जमाखर्च फलकावर लावावा आणि एका आमदाराच्या किंवा एका कंपनीच्या मदतीवर विसंबू नये. दात्याच्या घरात भांडण लागले की काय होते, ते १९०४ ने दाखवले आहे.

हिस्लॉप कॉलेजला १४० हून अधिक वर्षे झाली. त्याला युद्ध बुडवू शकले नाही. आपल्याकडे तर शांततेच्या काळात, एकही गोळी न झाडता, नुसत्या रिक्त पदांनी कॉलेजे मरू शकतात.