हळहळ नेमकी कशाची?

नाताळच्या वा मे महिन्याच्या सुट्टीत परदेशांतून मुंबईस येणाऱ्या आपल्या आप्तस्वकीयांच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते : "आमची मुंबई आता राहिली नाही." ते उच्चारताना त्यांचा गळा दाटून येतो आणि यजमानही मुकाट्याने मान डोलावतो. या हळहळीत खोटेपणा नाही. पण तिच्यात न्याय आहे काय, हा प्रश्न आपण कधीच विचारीत नाही.

ही हळहळ कशाची असते ते पाहावे. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. तिच्या आठवणीने आजोबा व्याकूळ होतात. सप्टेंबर २०२३ मध्ये जुनी दुमजली बस गेली आणि पुढच्याच महिन्यात काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी. त्यांच्यासाठी मुले-नातवंडे उसासे टाकतात. प्रत्येक पिढीची 'खरी मुंबई' निराळी, आणि ती नेमकी त्या पिढीच्या तारुण्याएवढीच जुनी! आधी घोडे ओढीत असलेली ट्राम १९०७ मध्ये विजेवर धावू लागली, तेव्हाही कोणी ना कोणी हळहळले असेलच.

शहर हे काही पाहुण्यांसाठी जपून ठेवलेले चित्र नव्हे. तेथे माणसे राहतात. चाळीतील शेजारधर्माचे गोडवे गाणाऱ्यांनी सामाईक संडासापुढील सकाळची रांगही आठवावी. वरळीच्या बी. डी. डी. चाळींत पिढ्यान्‌पिढ्या एकेका कुटुंबाने १६० चौरस फुटांच्या खोलीत संसार केला, आजारपणे काढली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. त्यांच्या दारी जाऊन "जुनेच बरे होते" असे म्हणण्याचे धाडस कोण करील? आपण परदेशी प्रशस्त घरात राहावे आणि आपली आठवण शाबूत राहावी म्हणून दुसऱ्याने अडचणीत दिवस काढावेत, ही अपेक्षा कितीही हळवी असली तरी स्वार्थीच आहे.

मग मुंबईचे काहीच हरवले नाही काय? हरवले आहे, आणि फार मोठे हरवले आहे. मात्र त्यासाठी रडणारे थोडे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यांतील कितीतरी जणांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले होते : एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरविला. लोकांच्या हाती येऊ शकणारी बरीच जमीन अशा रीतीने गेली. जेथे पहाटे भोंगा वाजत असे तेथील झगमगत्या दुकानांत आमचा पाहुणा हौसेने खरेदी करतो, आणि घरी परतून ट्रामसाठी उसासा टाकतो!

जनगणनेचे आकडेही बोलके आहेत. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मूळ शहराची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ३३ लाख ३८ हजार होती. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर उतरली. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. या वाढीतील सारेच काही मुंबईतून आलेले नव्हेत. पण जागेच्या भावाने शहराबाहेर लोटलेली कुटुंबे त्यांत किती, हे विरारची पहाटेची लोकल पाहणाऱ्यास सांगावे लागत नाही. आणि बृहन्मुंबईत जे राहिले, त्यांतील पाचांपैकी दोघे झोपडवस्तीत होते. पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी यायचेच असेल तर ते येथे यावे.

आपल्या अंगणाकडेही पाहू. गिरगावच्या खोताच्या वाडीतील लाकडी घरे एकामागून एक गेली. वांद्र्याच्या आणि माझगावच्या गावठाणांचीही तीच कथा आहे. गरजेपोटी घर विकणाऱ्यास मी बोल लावीत नाही. पण उत्तम भाव घेऊन करारावर सही करायची आणि पुढल्या सुट्टीत त्याच जागेवरील इमारतीकडे पाहून डोळे पुसायचे, यास काय म्हणावे? १८९६ पासूनच्या प्लेगच्या साथीत आपल्या पूर्वजांनी गल्लोगल्ली क्रूस उभारले. ते काही गतकाळाची शोभा म्हणून नव्हे. घरचे आणि शेजारचे वाचावेत या आर्जवापोटी. त्या क्रुसाचे छायाचित्र घेणाऱ्याने शेजाऱ्याची चौकशी केली नाही, तर त्याच्या हाती नुसता दगड लागला.

प्रिय नगरीत कसे परतावे, हे नहेम्याने दाखवून दिले आहे. राजाचा प्यालेबरदार असलेला हा माणूस दूर शूशन येथे यरुशलेमची दैना ऐकून रडला. पण तेवढ्यावर थांबला नाही. तो परतला, रात्री हिंडून त्याने पडझड पाहिली आणि लोकांना हाताशी धरून ५२ दिवसांत तट उभा केला. तट बांधला जात असतानाच गोरगरिबांचा आक्रोश त्याच्या कानी आला : आमची शेते, द्राक्षमळे, घरे गहाण पडली आहेत. तेव्हा त्याने सरदार-सावकारांना भर सभेत जाब विचारला आणि ती मालमत्ता परत करावयास लावली. नगरी तटाने नव्हे, माणसांनी वसते, हे त्यास ठाऊक होते.

म्हणून परतणाऱ्या बंधुभगिनींना एवढीच विनंती : या, मनसोक्त हिंडा, जुन्या गोष्टी काढा. पण शेजारच्या खोलीतील कुटुंब आता कुठे राहते, हेही विचारा. आणि वडिलोपार्जित घराच्या पुनर्विकासाच्या कागदावर परदेशातून सही धाडण्यापूर्वी, तळमजल्यावरील जुन्या भाडेकरूचे पुढे काय होणार, याचे उत्तर लेखी मागून घ्या.