जूचंद्र कोणत्या जिल्ह्यात शोधाल?

आपल्या गावाची लोकसंख्या कशी वाढली, हे जूचंद्रच्या विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावे. मात्र २०११ च्या जनगणनेत पालघर जिल्हा सापडणार नाही; तो १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. पाहायचे ते ठाणे! जिल्हा जनगणना पुस्तिका ग्रंथालयात नसली, तरी जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर मिळते.

खरी मेख पुढेच आहे. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली आणि जूचंद्र तिच्यात गेले. मग शहराचा १२,२२,३९० हा आकडा गावाच्या जुन्या आकड्याशेजारी मांडून चालेल का? मुळीच नाही. शिक्षकांनी आलेखाआधी नकाशा काढायला लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पाण्याचा, शाळांचा अंदाज याच आकड्यांवरून बांधतात. त्यात २०२१ ची जनगणनाही लांबली.