होमरनची शिक्षा

लॉस एंजेलिसच्या २०२८ सालच्या ऑलिम्पिकमधील सॉफ्टबॉलचे सामने ओक्लाहोमा सिटीत व्हायचे आहेत. तो महिलांचा, वेगवान ‘फास्ट-पिच’ खेळ. अमेरिकेतील नोकरदार मंडळी संध्याकाळी सार्वजनिक उद्यानांत खेळतात तो मात्र ‘स्लो-पिच’ सॉफ्टबॉल. यात चेंडू सहा ते दहा फूट उंचीची कमान घेत संथपणे येतो. हौशी खेळाडूही तो दूर टोलवू शकतो. आणि येथेच एक विचित्र नियम आडवा येतो. ठरलेल्या संख्येपेक्षा अधिक होमरन मारणारा फलंदाज अनेक लीगमध्ये चक्क बाद ठरतो! कोठे प्रतिस्पर्धी संघापेक्षा एकच होमरन अधिक मारण्याची मुभा असते.

भिंतीपलीकडे थेट चेंडू गेला की बाद, हा आपल्या गल्ली क्रिकेटचा कायदाही जागेच्या टंचाईतूनच जन्मला (शेजाऱ्यांच्या काचांचा त्यात वाटा मोठा). पुरुषांच्या स्लो-पिचसाठी सुमारे ३०० फुटांवर कुंपण अपेक्षित असते. वस्तीने वेढलेल्या उद्यानांत तेवढी जागा मिळतेच असे नाही. त्यातच कॉम्पोझिट बॅट आल्या. मैदान होते तेवढेच राहिले, टोला मात्र लांबला.

होमरनवर मर्यादा घातल्याने कुंपणापलीकडचे लोक सुरक्षित झाले खरे. पण धोका नाहीसा न होता मैदानातच परतला, याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. उंच फटका महाग पडू लागला की फलंदाज चेंडू खाली ठेवून जोराने मारतो, आणि समोर अवघ्या ५० फुटांवर पिचर उभा असतो. बॅटच्या २००४ सालच्या अमेरिकी मानकात टोल्याच्या वेगाची मर्यादा ताशी ९८ मैल आहे. त्या वेगाने येणारा चेंडू पाहून हात वर करण्यास पिचरला जेमतेम एक-तृतीयांश सेकंद मिळतो.

१८८७ मध्ये ज्या शिकागोत हा खेळ जन्मला, तेथे १६ इंच परिघाचा चेंडू आजही हातमोज्यांविना खेळला जातो. खेळता खेळता तो मऊ पडतो, फार दूर जात नाही आणि लहान मैदानही पुरते. फलंदाजाला बाद ठरविण्यापेक्षा हा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. बारा इंची चेंडूतही कमी दाबाने चेपणारे, बॅटचा जोर काहीसा शोषणारे प्रकार आता उपलब्ध आहेत. शेकडो डॉलर मोजून बॅट घेतलेल्या खेळाडूला ते रुचणार नाहीत. मात्र बॅट त्याची असली तरी सामन्यात कोणता चेंडू वापरायचा, हे लीगच ठरविते.