कोंढाण्याचे पहिले दोघे, आणि घोरपड

मोहाडी तालुक्यात धानाच्या बांधावर घोरपड पाहिलेल्या मुलाला कोंढाण्याची गोष्ट ऐकताना शंका यावी, हे स्वाभाविक आहे. माणसाची चाहूल लागताच बिळात शिरणारा हा प्राणी काळोख्या रात्री कमरेला दोर बांधून, सांगितलेल्या जागीच कसा चढला असेल? आणि वर पोहोचल्यावर मागून येणाऱ्या शेकडो माणसांचा भार त्याने कसा पेलला असेल?

घटना ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीची. यशवंती घोरपड लोकांच्या मनात ठसली ती मुख्यतः तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यामुळे. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत मात्र ती नाही. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला लिहिलेल्या त्या बखरीत दोन निवडक मावळे आहेत. ते वानरासारखे कडा चढून जातात, वरून माळ लावतात आणि त्या माळेवरून तानाजी मालुसऱ्यांसह बाकीचे लोक गडावर पोहोचतात. माळ म्हणजे येथे दोराची शिडी.

गिर्यारोहकाला हे वर्णन तत्काळ ओळखीचे वाटेल. आधी सर्वांत कुशल आरोहक जातो, वर दोर पक्का करतो, मग इतर चढतात. आजच्या स्पोर्ट क्लाइंबिंगमध्ये कातळात आधीच ठोकलेले बोल्ट असतात. चढणारा त्यांत दोर अडकवत जातो आणि खाली दुसरा तो दोर सांभाळतो. बोल्डरिंगमध्ये दोर नसतो, पण उंची बेताची असते आणि खाली जाड गादी अंथरलेली असते. कोंढाण्याच्या त्या दोघांपाशी बोल्ट नव्हते, गादी नव्हती. पायांखाली सह्याद्रीचा बेसाल्ट होता. हा खडक कठीण खरा, पण त्याच्या थरांमधल्या पट्ट्या ठिसूळ असतात, आणि उगवलेल्या गवताच्या झुबक्यावर भरवसा ठेवणारा फसतो. वर पहारा असल्याने आवाज करण्याचीही सोय नव्हती.

घोरपडीची कथा तानाजींपेक्षा जुनीही आहे. मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या परंपरेनुसार बहामनी काळात, पंधराव्या शतकात, त्यांच्या पूर्वजांनी खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घोरपडीच्याच साह्याने सर केला आणि त्यावरून हे आडनाव मिळाले. दुर्गम कडा कोणी चढला की तेथे घोरपड आणावी, असा हा लोककथेचा ठरलेला साचा दिसतो. शाहिराने तो उचलला यात वावगे काही नाही. पोवाड्याला श्रोते जिंकायचे असतात, त्याने बखरीची शिस्त पाळावी ही अपेक्षाच चुकीची.

चूक नंतरच्यांची आहे. पाठ्यपुस्तकाबाहेरच्या बालसाहित्याने, चित्रांनी आणि भाषणांनी पोवाड्यातला प्राणी उचलला आणि बखरीतली माणसे सोडून दिली. प्राण्याला नाव मिळाले. त्या दोघांची नावे सभासदानेही नोंदवलेली नाहीत, आणि ती शोधावीत असे फारसे कोणाला वाटलेही नाही. प्रस्तरारोहणात नव्या मार्गावर प्रथम चढणाऱ्याचे नाव त्या मार्गासोबत नोंदवण्याची रीत आहे; ती लावली तर कोंढाण्याची नोंद आजही कोरीच राहते.

या खेळाला महाराष्ट्रात आता प्रतिष्ठा आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या गिरिविहार संस्थेने २०१६ आणि २०१७ साली नवी मुंबईत बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धा भरवली. टोकियोपासून स्पोर्ट क्लाइंबिंग ऑलिंपिकमध्येही आले. तेथे चढणाऱ्याचे नाव फलकावर झळकते. डोंगरात मात्र जुनीच गत आहे. अलंग-मदनच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ मध्ये उद्ध्वस्त केल्या असे सांगतात. त्यामुळे तेथे आज दोराशिवाय चढता येत नाही. पायथ्याच्या आंबेवाडीचा एखादा तरुण अनेकदा अनवाणी पुढे जातो, वर दोर बांधतो आणि मग शहरातून आलेला चमू एकेक करून चढतो. समाजमाध्यमांवर छायाचित्रे येतात ती चमूची. दोर ज्याने बांधला त्याला विचारून त्याचे नाव छायाचित्राखाली लिहायला एक ओळ पुरते.