टक-टक ऐकू येतेय?

हौसेने मी सेकंड-हँड टर्बो स्पोर्ट्स कार घेतली. महिन्याभरात इंजिनातून टक-टक सुरू झाली. मी काय केलं? स्टिरिओ वाढवला! चार दिवसांनी मेकॅनिक म्हणाला, "साहेब, बेअरिंग गेलं. क्रँकशाफ्टपण ओरबाडलाय."

त्याचं असं आहे, चालू इंजिनात क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकत नाही. केसाहून पातळ अशा ऑइलच्या थरावर फिरतो. टर्बोमुळे त्या थरावर जास्तच जोर येतो. त्यात ऑइल कमी असलं, किंवा टॉप गिअरमध्ये हळू जाताना एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की धातूवर धातू घासलाच म्हणून समजा. मी तर ऑइलची स्टिक एकदाही ओढून पाहिली नव्हती.

पहिल्याच दिवशी थांबलो असतो, तर कदाचित बेअरिंगवर भागलं असतं. आता तीन पगार गॅरेजवाल्याचे! तुम्ही मात्र दर रविवारी स्टिक बघा. आणि टक-टक आलीच, तर आधी इंजिन बंद.