दोन डबे आणि एक मावशी

मंडळाच्या कामासाठी परवा एका कार्यालयात गेले होते. दारातच हिरवा आणि निळा डबा, वर छान पाट्या! डोकावले तर निळ्या डब्यात चांगल्या कागदांवर उष्ट्या चहाचे कप कलंडलेले. असा भिजलेला कागद रद्दीवाला घेतो होय? निवडत बसणार झाडूवाल्या मावशी, तेही उघड्या हातांनी. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी कचरा वेगळा करायची जबाबदारी तो करणाऱ्यावरच टाकली होती, मावशींवर नव्हे. मैत्रिणींनो, घरी आपण भाजीचे देठ वेगळे ठेवतोच ना? मग नोकरीच्या ठिकाणी टेबलाखालची टोपली आधी काढून टाका. चार पावलं चालू देत साहेबांनाही! आणि हो, कोरड्या रद्दीचे पैसे मावशींच्याच हातात पडू देत.