दोन किल्ल्या, दोन सह्या

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला लोक हमखास विचारतात, 'पैसे कुठे ठेवावेत?' आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्याला विचारतात, 'हे सारे सुचते कसे?' माझ्या वाट्याला दोन्ही प्रश्न येतात. पहिल्याचे उत्तर मी हसून टाळते, कारण दुसऱ्याच्या पैशाबद्दल सल्ला देण्याचे धाडस छत्तीस वर्षांच्या नोकरीने शिल्लक ठेवलेले नाही. दुसऱ्याचे उत्तर फार लांबते, म्हणून तेही टाळते. मला मात्र कुणी तिसराच प्रश्न विचारावा असे वाटत आले आहे : 'बाई, इतकी वर्षे इतक्या माणसांबरोबर काम केलेत, त्यातून हाती काय आले?' कुणी विचारले नाही, तेव्हा न विचारताच सांगते. हाती आली ती एक किल्ली; आणि दुसरी किल्ली आपल्या हाती असू नये, हे शहाणपण.

ज्यांनी बँक काउंटरच्या अलीकडूनच पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगायला हवे. बँकेची रोकड आणि तारण घेतलेले सोने ज्या स्ट्राँगरूममध्ये असते, तिची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. सहसा एक कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. सकाळी दोघांनी मिळून उघडायची, संध्याकाळी दोघांनी मिळून रोकड मोजून बंद करायची, रजिस्टरवर दोघांनी सह्या करायच्या. एकाला रजेवर जायचे असेल तर किल्ली रीतसर नोंद करून तिसऱ्याच्या स्वाधीन करायची. जोडीदाराच्या खिशात ठेवून गावाला जायचे नाही. जोडीदार हरिश्चंद्राचा अवतार असला तरी नाही.

मी १९८३ साली सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत क्लार्क म्हणून लागले आणि १९९२ साली अधिकारी झाल्यावर किल्ली माझ्याकडे आली. दुसरी किल्ली ज्या कॅशियरकडे होती, ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. बाईमाणसाने तिजोरी उघडावी हे त्यांना मनापासून पटलेले नव्हते, आणि ते लपवण्याइतके ते लबाडही नव्हते. मी मोजलेली बंडले ते पुन्हा मोजत. मीही त्यांची मोजलेली मोजत असे. अडीच वर्षांत आम्ही कामाव्यतिरिक्त फारसे बोललो नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मला पोस्टाने आली! पण त्या अडीच वर्षांत त्या तिजोरीत एका रुपयाचा फरक निघाला नाही. माणसांची मने जुळली म्हणजेच काम नीट होते, ही समजूत तिथेच गळून पडली. मने जुळली तर आनंदच आहे. कामाला मात्र एवढे पुरते की, दोघांनाही मोजण्याचा अधिकार असावा आणि मोजल्याचा राग कुणाला येऊ नये.

तेव्हा सारी खाती हाताने लिहिलेली असत. महिनाअखेरीला लेजरचा ताळा जमवताना एकजण मोठ्याने आकडे वाचे आणि दुसरा टिक करत जाई. फरक निघाला की जुनी मंडळी आधी त्याला नऊने भागून पाहात. नऊने नि:शेष भाग गेला तर कुणीतरी ५४ चे ४५ केले असण्याचा संभव. तसे नसेल तर फरकाची निमपट शोधायची. तेवढी रक्कम जमेऐवजी नावे पडलेली असू शकते. गंमत अशी की, ज्याने ५४ चे ४५ लिहिले, त्याला तो आकडा दहा वेळा पाहूनही दिसत नसे. त्याचा डोळा कागदावरचे न वाचता मनातले वाची. शेजारच्या टेबलावरचा नवशिक्या पोरगा येऊन क्षणात बोट ठेवी. त्या पोराची हुशारी यात नव्हती. तो दुसरा होता, एवढेच त्याचे भांडवल.

लिहिण्याच्या बाबतीतही मी हीच रीत ठेवली. लेखन हा एकट्याचा उद्योग म्हणतात, पण माझ्या प्रत्येक कादंबरीची मुद्रिते यजमानांनी मोठ्याने वाचली आहेत आणि मी पेन्सिल घेऊन टिक केली आहे. एखाद्या वाक्याशी त्यांची जीभ अडखळली की मला कळते, गडबड वाक्यात आहे.

हे दोघांचे शास्त्र काही साहेबाने विलायतेहून आणलेले नाही. आपल्याकडे गावच्या जुन्या कागदावर पाटलाची निशाणी नांगर असे आणि कुलकर्ण्याची लेखणी. एकाकडे अधिकार, दुसऱ्याकडे दप्तर. आपण आजही ज्याला 'शिक्कामोर्तब' म्हणतो, तो शब्दही जुन्या कारभारातून आला. कागद लिहिणारा एक आणि त्यावर मोहोर उठवणारा दुसरा, अशी ती व्यवस्था होती. अर्थात हा वारसा सांगताना डोळे मिटून घेण्याचे कारण नाही. पाटील आणि कुलकर्णी एक झाले की रयतेला दाद कुठे मागावी ते समजत नसे. दोन किल्ल्या एका खिशात गेल्या की तिजोरी एका किल्लीचीच होते. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली, तेव्हा गावोगावी फार कुणी अश्रू ढाळले नाहीत.

आणि मला जे म्हणायचे आहे ते इथूनच सुरू होते. दुसरी सही असणे आणि दुसऱ्या माणसाला 'नाही' म्हणता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला नकार देता येत नाही त्याची सही म्हणजे शाई.

बँकेत संगणक आले तेव्हा दोन माणसांचे तत्त्व त्यांतही उतरले. एकाने व्यवहार भरायचा, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचा. पण शाखेतली माणसे कमी होत गेली, रांगा वाढल्या, आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे की, साहेबांचा पासवर्ड क्लार्कला पाठ आणि क्लार्कचा साहेबांना. संगणकाच्या लेखी दोघेजण, खुर्चीत मात्र एकच! २०१८ च्या फेब्रुवारीत उघडकीला आलेला, तेरा हजार कोटींच्या पुढे गेलेला हमीपत्रांचा घोटाळा वाचकांना आठवत असेल. परदेशी बँकांकडे संदेश जात होते आणि बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत त्यांची नोंदच होत नव्हती. तपासायला दुसऱ्यासमोर कागदच येत नव्हता, मग तो तपासणार काय? रिझर्व्ह बँकेने २०२१ साली एक नियम अधिक कडक केला : संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, आगाऊ सूचना न देता, सलग किमान दहा कामाच्या दिवसांची रजा घ्यायला लावायची. रजा विश्रांतीसाठी नाही. तेवढे दिवस त्या खुर्चीत दुसरा माणूस बसावा आणि त्याने कपाट उघडून पाहावे, यासाठी.

हा नियम वाचला आणि मला आपल्या घरांतले कर्ते पुरुष आठवले. ते कधीच रजेवर जात नाहीत.

काउंटरवर बसून मी हजारो कुटुंबे पाहिली. कर्जाच्या कागदांवर नवऱ्यापाठोपाठ बायको सही करते. 'इथे कर, आता इथे,' असे नवऱ्याचे बोट सरकत जाते आणि त्यामागे तिचे पेन. 'वहिनी, हे जामिनाचे कागद आहेत,' असे मी म्हणायची, तेव्हा ती माझ्याकडे पाहात नसे, नवऱ्याकडे पाहात असे. आणि हीच बाई पुढे कधीतरी कपाळ मोकळे घेऊन येई, हातात पिशवीभर कागद असत, आणि विचारी, 'यांचे इथे काही आहे का हो?' दहा वर्षे कुणी हात न लावलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होतात. मार्च २०२४ अखेर त्या निधीतली रक्कम ७८ हजार कोटींच्या वर होती. यात बंद पडलेल्या संस्थांची खाती असतील, विसरलेली फुटकळ शिल्लक असेल. पण अनुभवाने सांगते, यातली कितीतरी खाती अशा माणसांची असणार ज्यांनी दुसरी किल्ली कुणाला दिलीच नाही.

आता थोडे माझ्या घराबद्दल. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांबरोबरीने सहहिस्सेदार केले, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. माझे लग्न १९८६ चे. म्हणजे १९९४ च्या कायद्याने मी उंबऱ्याबाहेर राहिले आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने पुन्हा आत आले. हा हक्क जन्माने मिळतो, वडील २००५ साली हयात असोत वा नसोत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. कायदा असा पायरी पायरीने आला. घराघरांत त्याच्या बरोबरीने एक कागदही आला : हक्कसोडपत्र.

आमच्याकडेही तो आला. वडील गेल्यानंतरच्या दिवाळीत भाऊबिजेचे ताट उचलून झाल्यावर धाकट्या भावाने सुपारीच्या डब्याशेजारी तो ठेवला. 'ताई, एवढी सही.' मी चष्मा मागितला. खोली गप्प झाली. 'ताईचा आमच्यावर विश्वास नाही का?' असे तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होते. मला त्या क्षणी वाईट वाटलेच. जिने आयुष्यभर परक्यांची बंडले मोजली, तिने भावाचे मोजावे की नाही? मी त्याला म्हटले, 'शाखेत माझी रोकड रोज दुसरा मोजत होता. त्यात माझा अपमान झाला असे मला छत्तीस वर्षांत वाटले नाही.'

सही मी केली नाही. सातबाऱ्यावर आज आम्हा चारही भावंडांची नावे आहेत. शेत भाऊच करतो, त्याच्या घामाचे तोच खातो. त्याबद्दल आम्हा बहिणींपैकी कुणाची तक्रार नाही. पण खर्चाची वही तो आता लिहितो आणि सुगीला दाखवतो. पूर्वीचा मोकळेपणा थोडा उणावला आहे, हे कबूल करायला हवे. माहेरी गेल्यावर पहिली पाच मिनिटे जरा अवघडल्यासारखी जातात. तेवढी किंमत मला जास्त वाटत नाही. गोडी टिकावी म्हणून बहिणींनी सह्या करून दिल्या आणि पुढे आजारपणात माहेरचे दार वाजवायलाही संकोचल्या, अशी उदाहरणे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. त्यांच्या गोडीचा हिशेब कुठल्या वहीत लिहिणार?

'विश्वास' हा आपला फार लाडका शब्द आहे. घरात, कचेरीत, सहकारी पतपेढीत, साहित्य संस्थेत, जिथे कुणी हिशेब मागितला तिथे तो ढालीसारखा पुढे येतो. माझा अनुभव असा की, ज्याच्यावर विश्वास ठेवावा असा माणूस मोजणीला घाबरत नाही. उलट मोजून घ्या म्हणतो, कारण उद्या आळ आला तर ती मोजणीच त्याच्या बाजूने साक्ष देणार असते. आमचे ते कॅशियर निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात माझ्याविषयी एकच वाक्य बोलले : 'बाईंनी माझी बंडले रोज मोजली.' टाळ्या वाजवणाऱ्यांना ती तक्रार वाटली असेल. माझ्या नोकरीत मला मिळालेले ते सर्वांत चांगले प्रशस्तिपत्र आहे.

तेव्हा यापुढे कुणी तुमच्यासमोर कागद सरकवून 'फक्त इथे सही' म्हणेल, मग तो मॅनेजर असो, मुलगा असो वा भाऊ असो, त्याला बसायला सांगा आणि चष्मा मागा. आणि कागद सरकवणारे तुम्ही असाल, तर समोरच्याचे वाचून होईपर्यंत गप्प बसा. चहा गार होईल. दुसरा करता येतो.